थकलेल्यांना हिरवी पावडर विकणाऱ्यांनो, आधी हिशेब द्या

थकवा हा आजार असू शकतो हे मान्य करायला इथली व्यवस्था तयार नाही. पण थकव्यावर पावडर विकायला सगळा बाजार तयार आहे. हा बाजार आता आपल्या वस्तीत, आपल्या विहाराच्या दारात, जयंतीच्या मंडपातल्या पुस्तकांच्या स्टॉलशेजारी येऊन बसला आहे, म्हणून आम्हाला हे लिहावे लागते आहे.

डबा हिरवा असतो. आत गव्हांकुर, शेवग्याचा पाला, स्पिरुलिना नावाचे शेवाळ, पालक, ब्रोकोली, ग्रीन टीचा अर्क, पुष्कळदा अश्वगंधाही. सकाळी अनशापोटी एक चमचा कोमट पाण्यात घ्यायची, की म्हणे अंगात ताकद येते. अमेरिकेत याच जातीच्या एका नामांकित पावडरीची तीस दिवसांची पिशवी ९९ डॉलरला मिळते. आपल्याकडे महिन्याचा डबा पाचशेपासून दोन हजारांपर्यंत. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे दीड हजाराचा डबा घेणाऱ्या बाईने जवळजवळ पाच दिवसांचा घाम त्या डब्यात ओतलेला असतो. विकणारा बहुधा आपलाच भाऊ असतो. बी.ए., बी.एड. झालेला, नोकरी न मिळालेला, "तूच तुझा मालक हो" असे सांगून साखळी पद्धतीच्या कंपनीने गळाला लावलेला. त्याच्यावर आमचा राग नाही. पण तो ज्यांना विकतो ती माणसे वर्षानुवर्षे थकलेली आहेत आणि त्यांच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे.

सगळा थकवा एक नसतो. पावडरवाल्याचा धंदा नेमका हे न सांगण्यावर चालतो. दिवसभर विटा उचलून आलेला थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. रक्त कमी असल्याचा थकवा गोळ्यांनी, आहाराने उतरतो. थायरॉइडचा, मधुमेहाचा, क्षयाचा, सिकलसेलचा थकवा वेगळा. आणि या सगळ्यांपलीकडे एक आजार आहे ज्याचे नावही आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर घेत नाहीत : मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, थोडक्यात एमई/सीएफएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत १९६९ पासून त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत आहे. २०१५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने त्याच्या खुणा मांडल्या. सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्वीसारखी कामे न होणे, विश्रांतीने न जाणारा थकवा, झोपून उठल्यावरही झोप न झाल्यासारखे वाटणे. त्यासोबत डोक्यात धुके, शब्द न आठवणे, किंवा उभे राहिले की भोवळ आणि धडधड. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे श्रमानंतरची घसरण : आज दोन बादल्या धुणे धुतले तर उद्या-परवा माणूस अंथरुणाला खिळतो आणि ती घसरण काही दिवस, कधी काही आठवडे टिकते. कोविड होऊन गेल्यावर ज्यांची प्रकृती सावरलीच नाही, त्यांच्यातल्या अनेकांचे दुखणे याच चित्रात बसते. या आजाराला बरे करणारे कोणतेही मान्यताप्राप्त औषध आज नाही. औषध नाही म्हटले की पावडरवाल्याला मैदान मोकळे.

हा आजार श्रीमंतांचा आहे असेही आपल्याला ऐकवले जाते. १९८४ साली अमेरिकेत लेक टाहोजवळच्या इन्क्लाइन व्हिलेजमध्ये अशा रुग्णांचा मोठा समूह आढळला, तेव्हा तिथल्या पत्रकारितेने त्याला 'यप्पी फ्लू' म्हणून हिणवले. म्हणजे खात्यापित्या घरच्या तरुणांचे नखरे. मग लिओनार्ड जेसन आणि सहकाऱ्यांनी शिकागो शहरात वेगळी मोजणी केली. दवाखान्याची फी परवडणाऱ्यांना मोजण्याऐवजी त्यांनी अठ्ठावीस हजारांहून अधिक लोकांशी थेट घरच्या फोनवरून संपर्क साधला आणि १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. आजाराचे प्रमाण सर्वाधिक आढळले स्त्रियांत, अल्पसंख्याक समूहांत, कमी शिकलेल्यांत आणि खालच्या दर्जाची मानली जाणारी कामे करणाऱ्यांत! आम्हाला याचे नवल वाटले नाही. ज्याला पगारी रजा आणि विमा आहे त्याचा थकवा 'बर्नआउट' होतो, त्याला सुट्टी मिळते, समुपदेशक मिळतो. ऊसतोडीला गेलेल्या बाईचा थकवा 'कामचुकारपणा' होतो आणि एक दिवस बुडाला तरी मुकादम खाडा लावतो. 'आळशी' हा शब्द या देशात आजारपणाआधी जातीला चिकटवलेला आहे.

आता पावडरीचे वजन करू. पहिला दावा 'हिरव्या रक्ता'चा. क्लोरोफिल आणि हिमोग्लोबिन यांची रचना सारखी, म्हणून गव्हांकुराचा रस प्यायला की रक्त वाढते, असे छातीठोकपणे सांगितले जाते. रचना काही अंशी सारखी आहे हे खरे. पण क्लोरोफिलच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते आणि हिमोग्लोबिनमधल्या हीमच्या मध्यभागी लोह. शरीर एकाचे दुसरे करत नाही. कुलूप सारखे दिसते म्हणून शेजाऱ्याची किल्ली आपल्या दाराला लागत नाही. चंदीगडच्या पीजीआयमधून २००४ मध्ये थॅलेसेमियाच्या मुलांवरचा एक छोटा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात गव्हांकुराच्या रसाने काहींना रक्त चढवण्याची गरज कमी झाल्याचे दिसले. विक्रेते तो अभ्यास अजून फिरवतात. नंतर पुन्हा तपासले गेले तेव्हा तो फायदा टिकला नाही, हे मात्र त्यांच्या पत्रकात नसते.

दुसरा दावा लोहाचा. वाळवलेल्या शेवग्याच्या पाल्यात लोह चांगले असते, आम्ही ते नाकारत नाही. पण दहा ग्रॅमच्या चमच्यात ते जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम भरते, आणि वनस्पतीतल्या लोहाचा थोडाच भाग आतड्यातून शोषला जातो. वर लगेच चहा प्यायला तर आणखी कमी. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते असे भारतीय आहारशास्त्राचे २०२० चे प्रमाण सांगते. आणि उपकेंद्रात आशाताई फुकट देते त्या लोह-फॉलिक आम्लाच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. एका बाजूला फुकटची गोळी, दुसऱ्या बाजूला दीड हजाराचा डबा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. देशात हे प्रमाण ५७ टक्के होते, आदिवासी स्त्रियांत त्याहून जास्त. निम्म्याहून अधिक बायका रक्ताविना चालत आहेत, आणि आपण त्यांना शेवाळ विकतो!

तिसरा दावा बी-१२ चा. स्पिरुलिनात बी-१२ भरपूर असते असे डब्यावर लिहिलेले असते. त्यात जे सापडते ते बहुतांशी बी-१२ सारखे दिसणारे पण माणसाच्या शरीराला न चालणारे रूप असते. खरे बी-१२ मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळते, किंवा गोळी-इंजेक्शनातून.

इथे प्रश्न फक्त वैद्यकीय राहत नाही. ज्या अन्नात लोह आणि बी-१२ दोन्ही होते, ते आपल्या पूर्वजांच्या ताटातले अन्न आधी विटाळाचे ठरवले गेले. २०१५ च्या मार्चमध्ये गोवंश हत्याबंदीचा विस्तार करून बैलाचे मांसही गुन्हा केले गेले, जे गरिबाचे सर्वांत स्वस्त मांस होते. शाळेतल्या मुलांना २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडे मिळू लागले होते; जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला आणि हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितले. अंड्याला पैसे नाहीत. आणि त्याच समाजात 'सात्त्विक', 'शुद्ध शाकाहारी', 'हिरवे' असे शिक्के मारून पावडर विकली जाते. डब्यावरचा हिरवा रंग आरोग्याचा आहे की पावित्र्याचा, हे ज्याचे त्याने पाहावे. यातला आणखी एक विनोद असा की तांदुळजा, घोळ, पाथरी, तरोटा, शेवग्याचा पाला ही बांधावरची भाजी खाणाऱ्याला कालपर्यंत दरिद्री म्हणत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या ज्या चुलीची नोंद केली, त्या चुलीवरचे अन्न कधी 'सुपरफूड' नव्हते. तोच पाला वाळवून डब्यात भरला की त्याची किंमत शंभरपट होते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करतो. मटण-अंडी खाल्ल्याने एमई/सीएफएस बरा होतो असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर आमचीही एक पावडरच होईल, फक्त रंग वेगळा. रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरता असेल तर ती भरून काढल्यावर त्या कमतरतेचा थकवा जातो. एमई/सीएफएस त्याने जात नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हेच सरळ लिहिले आहे : आजार बरा करण्यासाठी किंवा लक्षणे आवरण्यासाठी जीवनसत्त्वे-क्षारांच्या पूरक गोळ्या सरसकट घ्याव्यात एवढा पुरावा नाही. घराबाहेर न पडणाऱ्या रुग्णांत ड जीवनसत्त्व कमी होण्याचा धोका असतो, तेवढे पाहा, असेही तिथे आहे. हिरवी पावडर यापेक्षा मोठा चमत्कार करते असे ज्यांना म्हणायचे आहे, पुरावा त्यांनी द्यायचा आहे.

"पण आमच्या वहिनींना फरक पडला!" हे उत्तर ठरलेले असते. पडला असेल. हा आजार चढतो-उतरतो. माणूस पावडर घेतो ती सर्वांत वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा बहुधा तसाही थोडा बरा जाणार असतो. श्रेय डब्याला मिळते. याहून घातक प्रकार वेगळा आहे. काही पावडरींत ग्रीन टीचा अर्क, माचा किंवा ग्वाराना असतो, म्हणजे कॅफीन. त्याने दोन तास उसनी तरतरी येते. निरोगी माणसाचे त्यात काही बिघडत नाही. पण श्रमानंतरची घसरण असलेली बाई त्या दोन तासांत तुंबलेले धुणे धुते, घर सारवते, आणि तिसऱ्या दिवशी कोसळते. तेव्हा विक्रेता सांगतो, "शरीरातले विष बाहेर पडते आहे ताई, डोस वाढवा." आमच्या कानांनी ऐकलेले हे वाक्य आहे. थकव्याची जाणीव ही या आजारात धोक्याची घंटा असते. नाइसच्या सूचनांतही रुग्णाला आपल्या ताकदीच्या मर्यादेत राहून कामे वाटून घ्यायला शिकवावे असाच सल्ला आहे. घंटाच बंद करणारे औषध विकणे हा उपचार कसा?

"नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही" हेही ठरलेले. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते. झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर वॉरफरिन घेणाऱ्या माणसाने अचानक अशी पावडर सुरू केली तर औषधाचा परिणाम कमी होऊन गुठळी होऊ शकते. अश्वगंधेने थायरॉइडची पातळी हलू शकते आणि यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. पालकासारख्या भाज्यांच्या हिरव्या रसाच्या अतिरेकाने ऑक्झॅलेट साचून मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. २०१६ साली अमेरिकेत एका शेक-पावडरीतून साल्मोनेलाची लागण पसरली. तिचा उगम त्यातल्या शेवग्याच्या पावडरीत सापडला. विषही निसर्गातच उगवते, हे आपल्या आज्यांना माहीत होते.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या नियमांनुसार अशा पूरक पदार्थांच्या वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावेच लागते. डबा उलटा करून पाहा, बारीक अक्षरांत सापडेल. अमेरिकेतही १९९४ च्या कायद्याने असाच इशारा छापावा लागतो. कंपनी छापील अक्षरात कबूल करते की हे औषध नाही, आणि तोंडी प्रचारात विक्रेता तेच औषध म्हणून विकतो. पकडला जातो तो विक्रेता, कंपनी हात झटकते. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. साखळीतल्या बेकार पोराने हे एकदा वाचावे.

न्यायाने बोलायचे तर पावडरीच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे. जो माणूस ओट्यापाशी दहा मिनिटे उभा राहू शकत नाही, ज्याला भाजी निवडणे, चिरणे, शिजवणे म्हणजे दोन दिवसांचे अंथरूण, त्याने दह्यात चमचाभर पावडर कालवून घेतली तर आम्ही हसणार नाही. ते अन्न आहे, सोयीचे अन्न. वेष्टनावर प्रत्येक घटकाचे प्रमाण लिहिलेले असेल, कॅफीन आणि अश्वगंधा नसेल, चालू औषधांशी झगडा नाही असे डॉक्टरने पाहिले असेल, आणि पैसा तेलमिठातून काढावा लागत नसेल, तर घ्यावी. पण एवढ्या अटींनंतर उरणारा ग्राहक वस्तीत किती? आणि ज्या घरात आजारी बाई असते तिथे भाजी चिरायला नवऱ्याचे हात का चालत नाहीत, हा प्रश्न आम्ही आमच्याच कार्यकर्त्यांना विचारतो. स्त्रीमुक्तीवर भाषण देऊन घरी आयते ताट मागणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

मग लोक पावडर का घेतात? अडाणी म्हणून? मुळीच नाही. आमच्या वस्तीतल्या एका ताईला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात दोन मिनिटांत सांगितले गेले, "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका, कामाला लागा." पावडरवाल्याने तिच्या घरी बसून अर्धा तास तिचे ऐकले, कुठे दुखते ते वहीत लिहून घेतले. तिने दीड हजार त्या अर्ध्या तासाचे दिले. आरोग्यव्यवस्थेने माणसाचे ऐकणे सोडले, तेव्हा ऐकणे विकायला निघालेला दुकानदार येणारच होता. आणि कामाला लागा हा सल्ला तर या आजारात चुकीचाच आहे. हळूहळू व्यायाम वाढवत नेल्याने रुग्ण बरे होतात असे २०११ साली ब्रिटनमधल्या पेस नावाच्या मोठ्या चाचणीने सांगितले होते. रुग्णांनी ते मानले नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णाने माहितीच्या अधिकारात मूळ आकडे मागितले, विद्यापीठ नाही म्हणाले, प्रकरण न्यायाधिकरणात गेले आणि २०१६ मध्ये आकडे उघड करावे लागले. पुन्हा हिशेब मांडल्यावर तो दावा फार कमकुवत निघाला. नाइसने २०२१ मध्ये तो व्यायामोपचार काढून टाकला. अंथरुणावर पडलेल्या माणसांनी जिंकलेली ही लढाई आहे, आणि ती कागद मागून जिंकली.

आपल्या चळवळीतही एक गाठ सोडवायला हवी. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत, म्हणून आपण दर वर्षी अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो, ते घ्यावेतच. पण बाबासाहेब मधुमेहाने आणि नसांच्या वेदनेने पिचले होते हे आपण मुलांना सांगत नाही, आणि जो थकतो तो कमी भीमसैनिक असे नकळत शिकवतो. त्याच बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणण्याचे विधेयक १९४६ साली मांडले. आज कर्मचारी राज्य विम्यात दीर्घ आजारांची ३४ नावांची यादी आहे, ज्यांना दोन वर्षांपर्यंत वाढीव आजारभत्ता मिळतो. अपंगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल त्यांत आहे, विदर्भातल्या आपल्या कुटुंबांना ते माहीत आहे. एमई/सीएफएसचे नाव या दोन्ही याद्यांत नाही. ज्या आजाराला नाव नाही त्याला प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणजे रजा नाही. विहाराच्या बैठकीत डब्याची योजना समजावून घेण्यात घालवलेला तास या दोन याद्यांसाठीच्या निवेदनावर घालवता येतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. थकलेल्या माणसासोबत एक कार्यकर्ता जाऊन उभा राहिला आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, थुंकी, बी-१२ एवढे तपासायला लावले, तर अनेकांच्या थकव्याचे कारण तिथेच सापडेल. ज्यांचे सापडणार नाही, त्यांना 'टेन्शन' म्हणून घरी पाठवू नका असे डॉक्टरला तोंडावर सांगणारा माणूस सोबत हवा.

आणि विक्रेत्या भावाला. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले होते की सांगणारा आपला आहे, भला दिसतो, एवढ्यावरून काही मानू नका. तू आमचा आहेस, म्हणून तुला मंडपातून हाकलणार नाही. डब्यातल्या प्रत्येक घटकाचे ग्रॅममधले प्रमाण, बाहेरच्या प्रयोगशाळेचा शिसे-पाऱ्याचा अहवाल, आणि थकव्याच्या रुग्णांवर खोट्या पावडरीशी तुलना करून घेतलेल्या चाचणीचा कागद कंपनीकडून मागून आण. तोवर तुझे टेबल पुस्तकांच्या स्टॉलशेजारी लागणार नाही.